चामखीळ, बिबा आणि बारा आठवड्यांचा धीर



उसाच्या या पत्रिकेत चामखिळीचा विषय कशाला, असे काही जणांना वाटेल. ऊस विकास विभागाने लागणीच्या तारखा सांगाव्या, बेणे आणि खताच्या मात्रा सांगाव्या, हातापायाचे दुखणे डॉक्टरांवर सोडावे, हे म्हणणे आम्हालाही मान्य आहे. परंतु शिवारात फिरताना जे डोळ्यांना दिसते, त्यावर न बोलणे बरे नव्हे. म्हणून हा लेख.

एका हंगामात तोडणीचा कार्यक्रम ठरविण्यासाठी आम्ही एका गावी गेलो होतो. एक वयस्क सभासद बांधावर एक पाय उचलून उभे होते. विचारले तर म्हणाले, "तळपायाले कुरूप झालं जी साहेब. खडा टोचल्यावानी होते. दाढीच्या पत्तीनं कापलं, तं पंधरा दिवसांत पुन्हा हाजर!" त्यांना मधुमेह होता, हे आम्हाला ठाऊक होते. "काका, दवाखान्यात दाखवा," एवढे सांगून आम्ही पुढच्या फडावर गेलो. महिन्याने कळले की जखम चिघळली आणि पायाचे एक बोट काढावे लागले. त्यांचा ऊस वेळेवर गेला, पण तोडीला उभे राहायला ते नव्हते. तेवढे सांगून पुढे जायला नको होते, ही रुखरुख आजही आहे.

हे दुखणे आहे तरी काय?

चामखीळ ही उष्णतेने होत नाही, रक्त बिघडल्याने होत नाही, कोणाच्या नजरेने तर नाहीच नाही. तो विषाणूचा संसर्ग आहे. इटलीतील चियुफो नावाच्या डॉक्टराने १९०७ साली चामखिळीचा अर्क बारीक गाळणीतून गाळून, तो टोचल्यावर चामखीळ येते हे दाखविले. त्या विषाणूला आज ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस म्हणतात आणि त्याचे शंभरावर प्रकार माहीत आहेत. त्यांपैकी काही हातावर चामखीळ आणतात, काही तळपायावर.

हा विषाणू धडक्या कातडीतून सहसा शिरत नाही. त्याला चीर, खरचट किंवा पाण्याने फुगलेली, मऊ पडलेली कातडी लागते. आता आपले काम पाहा. ओलिताच्या वेळी अनवाणी तासन् तास चिखलात उभे राहायचे. तोडणीत उसाच्या पाचटाने हात चिरतात, कोयत्याच्या मुठीने तळवे सोलतात. वरून विहिरीवरचा एकच दगड, त्यावर घरचे, गड्याचे आणि टोळीतले सगळेच टाचा घासतात. एकाच पत्तीने चौघे जण दाढी करतात नि त्याच पत्तीने कुरूपही कापतात. विषाणूला याहून चांगली सोय कोणती? शिरकाव झाल्यावर चामखीळ दिसायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. त्यामुळे ती कोठून आली, हे कोणाच्या ध्यानातच येत नाही.

कुरूप आणि चामखीळ यांत मात्र फरक आहे. कुरूप दाबाने होते, ते पसरत नाही. त्यावर कातडीच्या रेषा तशाच दिसतात आणि वरून दाबले की दुखते. तळपायाच्या चामखिळीवर रेषा तुटलेल्या असतात, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरले की ती जास्त दुखते, आणि वरची मेलेली कातडी निघाली की आत काळे ठिपके दिसतात. लोक त्याला 'मूळ' किंवा 'बी' म्हणतात. ते मूळ नव्हे, त्या गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या आहेत. चामखीळ कातडीच्या वरच्या थरातच असते, तिचे मूळ हाडापर्यंत गेलेले नसते. सबब ते उपटण्यासाठी पाय खोदण्यात काहीही अर्थ नाही.

ऊसवाल्याला हे समजायला कठीण जाऊ नये. खोडवा कसा येतो? वरचा ऊस कापला तरी बुडखा जिवंत असतो, तो पुन्हा फुटतो. चामखीळ पत्तीने कापणे म्हणजे खोडवा धरणेच होय! शिवाय रोगट बेण्यावर चालविलेला कोयता तसाच निरोगी बेण्यावर चालवू नका, आधी तो औषधात बुडवा, असे आम्ही दर लागणीला सांगतो. कारण काही रोग कोयत्यामार्फत पसरतात. मग बेण्याला जो न्याय, तो आपल्या कातडीला का नको?

बिब्याची गोष्ट

आपल्या वऱ्हाडात चामखीळ म्हटली की पहिले नाव निघते ते बिब्याचे. मग रुईचा चीक, चुना आणि सोडा, घोड्याचा केस. अलीकडे बॅटरीचे ऍसिडही लावणारे निघाले आहेत. जुने ते सगळेच टाकाऊ, असे आम्ही म्हणत नाही. परंतु बिबा ही काय चीज आहे, हे गोडंबीसाठी बिबे फोडणाऱ्या बायकांचे हात पाहिले की कळते. त्याच्या तेलाने धोबी कपड्यावर न धुतली जाणारी खूण करीत. जे तेल कापडावरून निघत नाही, ते कातडीवर काय करील?

याचा दाखला आमच्याच हातावर आहे. कृषी पदविकेला असताना तळहातावर चामखीळ आली. खोलीतल्या मित्राच्या सल्ल्याने बिबा तापवून लावला. दुसऱ्या दिवशी मनगटापर्यंत हात सुजला, फोड आले, पाणी वाहू लागले. तीन आठवडे पेन धरता आला नाही. त्या डागाच्या खुणा अजून आहेत. आणि चामखीळ? ती दोन महिन्यांत शेजारीच पुन्हा उगवली. ऐन परीक्षेत हा शहाणपणा केल्याबद्दल वडिलांनी जे शब्द ऐकविले, ते येथे छापण्याजोगे नाहीत.

रुईचा चीक तर डोळ्याचा वैरी आहे. चीक लागलेला हात चुकून डोळ्याला लागला तर बुबुळाला इजा होते. बॅटरीचे ऍसिड आणि चुना-सोडा हे मांस जाळतात. त्यांना चामखीळ कोणती आणि चांगली कातडी कोणती, हे ओळखता येत नाही.

मग लोकांना गुण येतो तो कसा?

हा प्रश्न आम्हाला दर गावात विचारतात. "साहेब, आमच्या पोराची तं मीठ वाह्यल्यावर गेली!" गेली असेल. आम्ही ते खोटे म्हणत नाही. परंतु प्रयोगाच्या शेतात आपण काय करतो? नव्या खताचा गुण पाहायचा तर शेजारी खत न घातलेला एक वाफा ठेवतो. तो नसेल तर उतारा खताने वाढला की पावसाने, हे कोण सांगणार?

चामखिळीतही असा वाफा ठेवून पाहिलेला आहे. नेदरलँड्समधील एका चाचणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. तेथे रुग्णांचे तीन गट केले. एका गटाच्या चामखिळी द्रव नायट्रोजनने गोठविल्या, दुसऱ्याला सॅलिसिलिक ऍसिड लावायला दिले, तिसऱ्याला काहीच नाही. १३ आठवड्यांनी हातापायाच्या साध्या चामखिळी पहिल्या गटात ४९ टक्के, दुसऱ्यात १५ टक्के आणि तिसऱ्यात ८ टक्के लोकांच्या गेल्या. तळपायाच्या चामखिळींत हे आकडे अनुक्रमे ३०, ३३ आणि २३ टक्के होते.

या शेवटच्या आकड्याकडे नीट पाहावे. काहीही न करता तळपायाची चामखीळ शंभरात तेवीस जणांची तीन महिन्यांत गेली. शरीराला शत्रू ओळखता आला की ते स्वतःच त्याला हुसकावते. लहान मुलांच्या चामखिळी तर बहुधा दोन वर्षांच्या आत आपोआप जातात. त्या काळात जो कोणी मंत्र टाकील, केस बांधील, मीठ वाहील, त्याच्या नावावर यश जमा होते. ज्यांना गुण आला नाही ते गप्प बसतात. मंत्राची कीर्ती वाढते ती अशी. ज्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात १८७६ साली गाडगेबाबा जन्मले आणि जन्मभर कीर्तनातून असल्या भोळसटपणावर झाडू चालवीत राहिले, त्या मुलखात हे आम्ही सांगावे लागावे, याचे वाईट वाटते.

मिठाने नुकसान तरी होत नाही. बिब्याने आणि पत्तीने होते. आमचा झगडा आहे तो तेथे.

करावे काय?

निरोगी माणसाच्या हातापायाच्या चामखिळीसाठी साधा उपाय असा. सॅलिसिलिक ऍसिडचे औषध किंवा कॉर्न कॅपची पट्टी मेडिकलमध्ये मिळते. डॉक्टरांना किंवा दुकानदाराला विचारून ते घ्यावे. रोज रात्री दहा मिनिटे कोमट पाण्यात पाय बुडवावा. मऊ झालेली वरची मेलेली कातडी वज्रीने हलके घासावी, रक्त काढू नये. ही वज्री दुसऱ्या कोणी वापरायची नाही. पाय कोरडा करावा, भोवतालच्या चांगल्या कातडीला व्हॅसलिन लावावे आणि औषध फक्त चामखिळीवर लावावे. फार आग झाली तर दोन-चार दिवस थांबावे.

हे बारा आठवडे करायचे. येथेच आपले लोक कच खातात. आठ दिवस लावून "काही फरक नाही" म्हणतात आणि बिब्याकडे वळतात. बारा महिने उसाची वाट पाहणाऱ्याला बारा आठवडे जड का जावेत?

एवढे करूनही न जाणाऱ्या हट्टी चामखिळीसाठी कातडीच्या डॉक्टरांकडे जावे. ते ती द्रव नायट्रोजनने गोठवितात किंवा विजेच्या सुईने जाळतात. जनावरांच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्यात ठेवतात तेच हे द्रव, उणे १९६ अंशाचे. पण म्हणून कोणी गुरांच्या दवाखान्यातले नळकांडे उघडून पाय पुढे करू नये! पुष्कळ चामखिळी असल्या तर शरीराची प्रतिकारशक्ती जागी करण्याचे उपायही आहेत. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस चामखिळीत टोचतात. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा संस्थेत डॉ. तलवार यांनी कुष्ठरोगासाठी तयार केलेली लसही याकामी वापरली गेली आहे. १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीस तपोवन उभारले. तेथल्या कुष्ठसेवेचा वारसा सांगणाऱ्या आपल्या भागाला हे ऐकून समाधान वाटेल. मात्र हमखास उपाय यांपैकी एकही नाही, आणि तसे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

पुढील लोकांनी घरी काहीच करू नये, थेट डॉक्टर गाठावा. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांच्या पायाला बधिरपणा आहे, ज्यांची जखम लवकर भरत नाही. चेहऱ्यावर किंवा गुप्तांगावर चामखीळ असेल तर तिलाही घरचे औषध लावू नये. गाठ काळी पडत असेल, झपाट्याने वाढत असेल, रक्त येत असेल, किंवा उतारवयात नव्यानेच आली असेल, तर ती चामखीळ नसूही शकते. आणि चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर तपासणी लांबवू नये. कुष्ठरोगावर पूर्ण उपचार आहे, लपविण्यासारखे त्यात काही नाही.

संचालक मंडळास विनंती

आमच्या मते हे काम एकट्या-दुकट्याचे नाही. गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी एक दिवस सभासद, त्यांच्या घरची मंडळी आणि तोडणी कामगार यांची हातापायाची तपासणी ठेवावी. त्याच वेळी रक्तातली साखरही मोजावी. साखर पिकविण्यात आपण हयात घालवितो, पण आपल्या रक्तात ती किती आहे, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत नसते. अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे. सहकाराच्या नात्याने त्यांना विनंती करता येईल.

दुसरे, रबरी बूट आणि हातमोजे एकगठ्ठा खरेदी करून सभासदांना रास्त दरात द्यावेत. काही सभासद म्हणतील, "गाळात बूट फसतात, उन्हाळ्यात पाय उकडतात." खरे आहे, आम्हीही ते घालून पाहिले आहेत. ज्याला बूट जमत नाही त्याने निदान पाणी देऊन झाल्यावर पाय धुऊन कोरडे करावे, न्हाणीत आणि मोटारीजवळ चप्पल घालावी, पत्ती, वज्री नि टॉवेल आपापला ठेवावा. याला तर मंडळाचा ठरावही लागत नाही.

त्या काकांना आम्ही पुढे भेटायला गेलो. ओसरीवर पाय लांब करून बसले होते. म्हणाले, "साहेब, चामखीळ तं बारीकच होती, मीच घाई केली." घाई त्यांची, आणि थांबून सांगायला वेळ नाही असे समजणारे आम्ही. आता आम्ही शेताच्या पाहणीला गेलो की उसाबरोबर पायही पाहणार आहोत. सभासदांनी ते दाखवायला लाजू नये.

आपला,
ऊस विकास अधिकारी