हा आकडा कुठून आला?



आमच्या विहारातील अभ्यासिकेत डिप्लोमाचा एक विद्यार्थी येतो. पहिल्या वर्षी त्याने सीनियरचे जर्नल जसेच्या तसे उतरवले. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारले, "हा आकडा कुठून आला?" पोरगा गप्प. (उतरवणे म्हणजे अभ्यास, हा आपल्याकडचा जुना गैरसमज.)

परवा तो दोन्ही वह्या घेऊन आला. म्हणाला, "काका, तेव्हा मी 'मोटार फार तापते' एवढंच लिहायचो. आता किती वाजता सुरू केली, किती मिनिटांनी किती अंश झाले, कशानं मोजले, ते लिहितो." तिसऱ्यांदा लिहायला लावले की तो चिडत असे. तेव्हा मी बाबासाहेबांचे सांगे. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांच्या आक्षेपांमुळे त्यांनाही पुन्हा लिहावा लागला. १९२३ साली तो मान्य झाला.

वस्तीच्या नळाचा अर्ज यंदा त्यानेच लिहिला. आठ दिवसांच्या तारखा, पाणी आल्या-गेल्याची वेळ, भरलेले हंडे. मी कारकून आहे. "पाणी नीट येत नाही" असले अर्ज फायलीत कसे झोपतात, मला ठाऊक आहे. सोमवारी या अर्जावर आवक क्रमांक पडला. पोच त्याच्या आईने विहाराच्या कपाटात जपून ठेवली आहे.