विश्लेषण : नायजरने ‘नदी अंधत्व’ कसे रोखले?

‘नदी अंधत्वा’चा प्रसार थांबवणारा आफ्रिकेतील पहिला देश म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये नायजरला मान्यता दिली.

फवारणी नदीतच का?
या रोगाचे कृमी चावऱ्या काळ्या माशीतून पसरतात. तिच्या अळ्या वेगवान प्रवाहातल्या दगडांना चिकटून वाढतात. म्हणून पश्चिम आफ्रिकेत १९७४ पासून हेलिकॉप्टरने नद्यांत अळीनाशक सोडले गेले. नायजरमध्ये ही फवारणी १९७६ ते १९८९ अशी चालली.

इतकी वर्षे का?
माशी काही आठवडेच जगते; माणसाच्या शरीरातला कृमी मात्र १० ते १५ वर्षे. फवारणी मध्येच थांबली, तर नव्या माश्या जुन्या रुग्णांकडून पुन्हा संसर्ग उचलतात.

पुढे काय झाले?
नायजरने २००८ ते २०१९ दरम्यान आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वाटल्या. रुग्ण घटल्यावरही निधी सुरू ठेवणे, हीच अशा मोहिमांची खरी कसोटी.