कुऱ्हाड दाराबाहेर, तर बंदूकही दाराबाहेर



सरकारी कचेरीत हत्यार नको, हे आम्हाला मान्य आहे. पहिल्यांदाच सांगून टाकतो, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की आदिवासी पोरं कुऱ्हाडी घेऊन साहेबाच्या टेबलापुढे बसायचा हक्क मागतात. कचेरीत बाया नोकरी करतात, म्हातारी माणसं कागदासाठी येतात, गर्दीत एखादा पिऊनही घुसतो. तिथं धारेची वस्तू नसलेलीच बरी. नियमाशी आमचं भांडण नाही. नियम एकाच बाजूला लागतो, हे आमचं भांडण आहे.

आधी हे पाहू, की हत्यार म्हणायचं कशाला? आपल्या बोलीत सुताराची हत्यारं असतात, लोहाराची हत्यारं असतात. हत्यार म्हणजे ज्यावर पोट चालतं ते. कचेरीच्या भाषेत हत्यार म्हणजे ज्यानं माणूस मरतो ते. एकच शब्द, पण दारावरचा शिपाई आपल्या पिशवीतल्या विळ्याला दुसऱ्या अर्थानं बघतो.

कायदा काय म्हणतो? शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये शस्त्राची व्याख्या दिली आहे. त्यातच लिहिलंय की फक्त घरकामाच्या किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्रात येत नाहीत, आणि उदाहरण म्हणून लाठीचं आणि साध्या काठीचं नाव दिलंय. मग अडवतात कशाच्या जोरावर? महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ च्या जोरावर. सणवार आला, मोर्चा निघाला, की या कलमाचा आदेश निघतो. त्यात तलवार, भाला, बंदूक यांच्याच रांगेत सोटा, काठी, लाठी बसवली आहे, आणि शेवटी ‘इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू’. म्हणजे एका कायद्यानं काठीला सोडलं, दुसऱ्यानं धरलं. असा आदेश ठरलेल्या जागेसाठी आणि ठरलेल्या दिवसांसाठी असतो, कायमचा नसतो. पण आपल्याला तारीख कोण सांगतं? आदेश संपला तरी दारावरचा दरारा संपत नाही.

आता आपला माणूस कचेरीत येतो कसा ते बघा. झरी जामणी, मारेगाव, राळेगाव, घाटंजी, पांढरकवडा या भागातली कितीतरी पोडं डांबरी रस्त्यापासून आत आहेत. एस.टी. गाठायला जंगलातून पायवाट. टिपेश्वरच्या बाजूला वाघ आहे, हे सरकारच पाट्या लावून सांगतं. २०१८ साली राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात १३ माणसांच्या मरणाचा ठपका एका वाघिणीवर होता. तिच्या शोधासाठी हत्ती आणले, बंदूकवाले आणले, आणि २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली. त्या सगळ्या महिन्यांत वावरात जाणाऱ्या माणसाच्या हातात काय होतं? काठी आणि कुऱ्हाड. त्या वाटेनं येणारा माणूस काठी घरी ठेवून येईल काय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका पोडावरच्या दोन बाया निंदण सोडून, वावरातूनच दाव्याच्या सुनावणीला गेल्या. पिशवीत खुरपं आणि विळा. दारावर काढून घेतलं, पावती दिली नाही. संध्याकाळी मागायला गेल्या तर म्हणाले, “कोणाकडे दिलं होतं?” खुरपं गेलं, विळा गेला, दिवसाची मजुरी गेली, आणि वरून ‘हत्यारं घेऊन आल्या होत्या’ अशी बोलवा झाली. कचेरीचं नाव छापत नाही, कारण ही गोष्ट एका कचेरीची नाही.

आणि सरकारी इमारतीत गोळ्या कोण झाडतं? २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, साहेबाच्या खोलीतच गोळीबार झाला. त्यात अटक झाली ती त्या वेळच्या एका आमदाराला. ठाण्याच्या आत बंदूक गेली, दारावर कोणी पिशवी तपासली नाही. विळेवाल्या बाईची झडती आणि गाडीतून उतरणाऱ्याला सलाम, असा हा नियम आहे.

आता खरी गोष्ट. सरकारी इमारत म्हणजे फक्त तहसील नाही. वनहक्क कायदा २००६ चा आहे. त्याच्या कलम ६ प्रमाणे दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते, आणि कलम ५ प्रमाणे जंगल राखायचा अधिकारही ग्रामसभेला आहे. म्हणजे समाजमंदिरात, शाळेच्या वऱ्हांड्यात, मोहाच्या झाडाखाली जिथं ग्रामसभा बसते, तिथं त्या वेळेला सरकार बसलेलं असतं. तीही कचेरीच आहे. पडताळणीला वन आणि महसूल खात्याच्या माणसांनी हजर राहायचं, असं नियमातच आहे. हजर राहायचं, पण हत्यारबंद होऊन दाबायचं असं कुठं लिहिलंय? कमरेला पिस्तूल लावलेला माणूस समोर उभा असताना कोलाम म्हातारा आपल्या वावराची हद्द छातीठोक दाखवेल काय? बाया तोंड उघडतील काय? ग्रामसभेत निम्मे सभासद हजर पाहिजेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत, हा नियम आहे. बंदुकीसमोर मोजलेली हजेरी ही हजेरी नव्हे.

ही भीती आमच्या डोक्यातली नाही. मार्च २०१९ मध्ये केंद्रानं १९२७ च्या वन कायद्यात दुरुस्तीचा मसुदा काढला. त्यात वन अधिकाऱ्यांना बंदूक चालवायची मोकळीक आणि वरून संरक्षण होतं. देशभर लोक उठले, तेव्हा नोव्हेंबरात तो मागे घ्यावा लागला. मसुदा गेला, मन बदललं काय?

आणि १९२७ च्या त्याच कायद्याचं कलम ५२ बघा. गुन्ह्याच्या संशयावरून अवजारं, बंड्या, बैल जप्त करता येतात. इंग्रजांचा कायदा, अजून आपल्या कुऱ्हाडीवर बसलेला. १० जुलै १९३० ला याच जिल्ह्यात, पुसदला, वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून तो कायदा मोडला. शाळेत त्याला जंगल सत्याग्रह म्हणून शिकवतात. तेव्हा गवत कापलं ती देशभक्ती, आज आपली बाई विळा घेऊन निघाली की गुन्हा. हे कसलं गणित?

शिकारीचा हक्क कायद्यात नाही, तो आम्ही मागतही नाही. कोषागारावर, कैद्यांवर पहारा लागतो, तिथं बंदूक असू द्या. आमच्या मागण्या एवढ्याच :

१) प्रत्येक कचेरीच्या दारावर अवजारं ठेवायची जागा करा. नंबरचा बिल्ला द्या, जाताना वस्तू परत द्या.

२) कलम ३७ चा आदेश मराठीत, तारखेसकट, दारावर आणि ग्रामपंचायतीत लावा.

३) म्हाताऱ्या-अपंगांची काठी कुठंही अडवू नका.

४) दारावरची झडती सगळ्यांची करा : पुढारी, ठेकेदार, गाडीवाले, सगळे.

५) ग्रामसभेत आणि वनहक्काच्या पडताळणीत कोणत्याही खात्याचा माणूस बंदूक-पिस्तूल घेऊन बसणार नाही, असा लेखी आदेश काढा.

तोवर आपण काय करायचं? कचेरीत जाताना धारेची वस्तू ओळखीच्या घरी ठेवा. दारावर दिलीच तर पावती मागा, नाही दिली तर तिथंच दोन साक्षीदारांची नावं लिहा. जंगलात अवजार जप्त केलं तर पंचनाम्याची नक्कल मागा. जप्त मालावर खूण करून वर अहवाल द्यायचा, हे कलम ५२ मध्येच आहे. भांडू नका, अंगावर जाऊ नका. आपल्या एका उगारलेल्या काठीची ते वाटच पाहत असतात. आणि येत्या ग्रामसभेत ५ नंबरच्या मागणीचा ठराव घ्या, सह्या-अंगठे करा, एक प्रत उपविभागीय अधिकाऱ्याला द्या, पोच घ्या, एक आपल्याकडे ठेवा.

तुमच्या दारात आम्ही कुऱ्हाड खाली ठेवतो. आमच्या दारात तुम्ही बंदूक खाली ठेवा.

जल, जंगल, जमीन आमची!
ग्रामसभा जिंदाबाद!