नमाजही आणि डॉक्टरही

गेल्या वर्षी रात्री साडेअकराला एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. दहावीपर्यंत उर्दू शाळेत माझ्याकडे मराठी शिकलेला, आता पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. "सर, झोपला होतात का?" एवढं विचारून तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तीन आठवडे रूमवरच आहे. वर्गात जावंसं वाटत नाही, जेवावंसंही वाटत नाही."

मी काय सांगितलं? "बेटा, हिंमत ठेव. नमाज सोडू नकोस. अब्बांचे कष्ट आठव." बीएडला मानसशास्त्राच्या पेपरात चांगले मार्क मिळवलेला मी! त्या कष्टांच्या ओझ्याखालीच तर तो दबला होता. पुन्हा त्याचा फोन आला नाही. दोन महिन्यांनी तो कॉलेज सोडून घरी आल्याचं कळलं. सुखरूप आला, अल्लाहचे उपकार.

आपल्या मोहल्ल्यात उदास मुलाला पहिला ठपका मिळतो तो इमान कमकुवत असल्याचा. पण हजरत याकूब (अ.) यांचे डोळे यूसुफच्या दुःखात रडून रडून पांढरे झाले, हे कुरआनच सांगतं. पैगंबरांच्या इमानावर बोट कोण ठेवणार? नमाजने मनाला सुकून मिळतो, हा माझाही अनुभव आहे. मात्र शुगर वाढली की आपण दुआही करतो आणि गोळीही घेतो. मन आजारी पडलं की आधी तावीज, मग नजर उतरवणं, आणि अगदी शेवटी डॉक्टर, तोही परगावचा. का, तर घरातल्या मुलीचा रिश्ता अडेल!

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं. चांगलं झालं. पण माझ्या विद्यार्थ्याचं निम्मं दुखणं भाषेचं होतं. दहावीपर्यंत सगळं उर्दूत, मग एकदम इंग्रजी. शाळेत पहिला येणारा मुलगा तिथे ढ ठरतो, प्रश्न विचारायला लाजतो, मग वर्गच टाळू लागतो. अशा मुलांना पहिल्याच सत्रात इंग्रजीचे जादा तास हवेत, त्याच वाटेने गेलेला एखादा सीनियर हवा. समुपदेशकापाशीही मन मोकळं करायचं तर आपली बोली लागते. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या नंबरवर रात्रंदिवस चालते, तिथे मराठीतही बोलता येतं. त्या रात्री हा नंबर मला माहीत असायला हवा होता.

मागच्या महिन्यात त्याच्या घरी जाऊन मी माफी मागितली. अम्मीने चहा केला. अब्बा बराच वेळ जमिनीकडे बघत बसले, मग म्हणाले, "सर, तुम्ही सोबत चला." मंगळवारी आम्ही तिघे सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन आलो, पुढची तारीख मिळाली आहे. हे लिहायची परवानगी त्यानेच दिली. नाव तेवढं टाकू नका, म्हणाला.