इशारा दिला, जबाबदारी संपली?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने मुरुड-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट केल्या. हवामान खात्याचा अंदाज खरा ठरला होता. हजारो माणसे आधीच हलविली गेल्याने जीवितहानी मर्यादित राहिली. याचे श्रेय शास्त्रज्ञांना निःसंकोचपणे दिले पाहिजे. परंतु याच यशाच्या आडोशाने राज्यकर्त्यांनी एक सोयीस्कर वाक्य पाठ केले आहे: ‘इशारा वेळेवर दिला होता.’ इशारा सुटला म्हणजे तो पोहोचला, पोहोचला म्हणजे समजला आणि समजला म्हणजे पाळता आला, हे त्यामागचे गृहीत आहे. ते तिन्ही ठिकाणी खोटे आहे.

प्रथम समजण्याचा प्रश्न. ‘रायगड जिल्ह्यात तुरळक ठिकाणी अतिमुसळधार पाऊस’ या शब्दांचा अर्थ काय? खात्याच्या परिभाषेत ‘तुरळक’ म्हणजे एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी ठिकाणी. ‘अतिमुसळधार’ म्हणजे चोवीस तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर. ही परिभाषा नोंदवहीसाठी निर्दोष आहे. पण मुरुडच्या पलीकडील एकदऱ्याच्या तांडेलाला हवे असते ते वेगळेच: वारा कोणत्या दिशेने आणि किती वाजता उठेल, त्या वेळी उधाण असेल की भांग, आणि होडी खाडीत आणायला अवधी किती? डोंगरउतारावरच्या कातकरी वाडीला मिलिमीटर नको असतात. आज रात्री घर सोडायचे की नाही, एवढेच तिला कळायला हवे असते. खालापूरचा डोंगर आणि मुरुडचा दर्या यांना एकाच लाल रंगात रंगविणारा नकाशा या दोहोंपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही.

मुरुड तालुक्यात कोळी आहेत, आगरी आहेत, कोकणी मुसलमान आहेत. कोर्लईत आजही पोर्तुगीज वळणाची स्वतंत्र बोली बोलणारे ख्रिस्ती आहेत. कोकणच्या नौकांवर नेपाळ व उत्तर प्रदेशातून आलेले खलाशी राबतात. यांपैकी अनेकांना शासकीय मराठी परकीच वाटते. मग केवळ भाषांतराने भागेल काय? बंदरावर चढणारा तीन नंबरचा बावटा निरक्षर खलाशालाही कळत आला, तो त्याचे भाषांतर झाले म्हणून नव्हे. बावटा चढला की काय करायचे, हे साऱ्या बंदराला ठाऊक होते, म्हणून तो कळला. कृती सांगणारा इशाराच सर्वांचा होतो.

आता तर प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे, असे सांगितले जाते. परंतु २०१९ मध्ये सरकारनेच ‘जेमिनी’ हे उपग्रहाधारित उपकरण आणताना मान्य केले की मोबाइलची लहर किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरपुढे पोहोचत नाही. ‘निसर्ग’नंतर तर किनाऱ्यावरच वीज आणि संपर्क दोन्ही कोलमडले. आणि स्थानिक भाषेत तालुकावार सल्ला शेतकऱ्यांपर्यंत नेणारी देशातील १९९ जिल्हा कृषी-हवामान केंद्रे २०२४ मध्ये गुंडाळण्यात आली! यंत्रांवर कोट्यवधी खर्च करायचे आणि त्यांचे म्हणणे माणसाला समजावून सांगणारा माणूस काढून टाकायचा, ही काटकसर कोणाच्या हिताची?

तथापि खरा प्रश्न याहून खोल आहे. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळाचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. तरीही मुंबईजवळच्या तेलक्षेत्रातील ‘पी-३०५’ हा तराफा २६१ जणांसह समुद्रातच राहिला आणि १७ मे रोजी बुडाला. सत्तरांहून अधिक कामगारांचे प्राण गेले. काहींची प्रेते रायगडच्या किनाऱ्याला लागली. त्या कामगारांना अंदाज कळला नव्हता म्हणून ते मेले काय? परत फिरण्याचा निर्णय त्यांच्या हाती नव्हता. वाट्यावर काम करणाऱ्या खलाशाची गत निराळी नाही. डिझेल आणि बर्फ उसनवारीने भरलेले असते. होडी बंदरात राहिली तर त्या दिवसाचा वाटा शून्य. अशा माणसाला ‘समुद्रात जाऊ नये’ असे सांगणे म्हणजे धोका आणि उपासमार यांतून एकाची निवड करावयास सांगणे होय.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. इशारा जिल्ह्याला नव्हे, बंदराला, खाडीला आणि वाडीला मिळाला पाहिजे. त्याचे शब्द मच्छीमार सोसायट्यांच्या व ग्रामसभांच्या सल्ल्याने ठरले पाहिजेत. गुंडाळलेल्या केंद्रांचे काम करणारी माणसे तालुक्या-तालुक्यात नेमली पाहिजेत. आणि सरकारी आदेशाने होडी बंदरात थांबली, तर त्या दिवसाची भरपाई खलाशाच्या हाती पडली पाहिजे, केवळ नौकामालकाच्या नव्हे. किनाऱ्यावरील कार्यकर्त्यांनी या मागण्या पुढील वादळाची वाट न पाहता गावोगाव नेल्या पाहिजेत. ज्या इशाऱ्यामागे भाकरीची हमी नाही, तो जनतेचे रक्षण करीत नाही. तो फक्त सरकारचा बचाव करतो.