हरणाऱ्यांचे पाठीराखे

हरणाऱ्या संघाचा पाठीराखा होणे हे व्रत मोठे कठीण. आणि ते कोणी हौसेने घेत नाही, गावाबरोबर ते पदरी पडते. मांडव्यापासून श्रीवर्धनापर्यंतच्या आमच्या किनाऱ्यावर हे व्रत ‘यू मुंबा’ या व्यावसायिक कबड्डी संघाच्या नावाने चालले आहे. आरंभ तर थाटाचा होता. 2014 साली पहिल्याच प्रो कबड्डी स्पर्धेत उपविजेतेपद, 2015 साली बंगळूरला 36-30 असे नमवून अजिंक्यपद, आणि मार्च 2016 मध्ये अंतिम सामन्यात पाटण्याकडून अवघ्या तीन गुणांनी हार. त्यानंतर जी ओहोटी लागली तिला 2025 च्या हंगामापर्यंत भरती आली नाही. 2019 साली उपांत्य सामन्यात बंगालने 37-35 अशी सरशी केली. त्या दोन गुणांची हळहळ आमच्या वाचकांच्या मनातून अद्याप गेलेली नसेल.

शहाणी माणसे विचारतात, कोणा धनिकाच्या मालकीचा संघ हरला तर तुमच्या घशाखाली घास का उतरू नये? खेळाडू लिलावात विकत घेतले जातात. ज्या अनुप कुमारने कर्णधार म्हणून अजिंक्यपद मिळवून दिले, तोही 2018 साली जयपूरकडून खेळला. प्रश्न बिनतोड आहे खरा. परंतु भात झोडून शेते मोकळी झाली की जेथे मैदाने आखली जातात आणि रात्री उशिरापर्यंत सामने रंगतात, तेथील माणसाला हुतुतू परका कसा वाटावा? शिवाय ज्यांचे निम्मे घर पोटापाण्यासाठी मुंबईत, त्यांना मुंबईचे नाव तरी परके कोठून? प्रेम आहे ते या खेळावर आणि या नावावर. मालकीचा कागद कोणी पाहत नाही.

तेव्हा आमची तक्रार पराभवाविषयी नाहीच. दोघांत एकाने हरावयाचेच असते. आमचे दुःख हे की, या पराभवात आमचा वाटा केवळ हळहळण्याचा आहे. आमची पोरे बहुतांशी मातीवर घडतात, आणि त्यांची परीक्षा मात्र मॅटवर होते. शेजारच्या पुण्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 2014 साली ‘पुणेरी पलटण’ तळाशी होती. पुढे तिने तरुण खेळाडू घडविण्यासाठी ‘युवा पलटण’ उभी केली. आणि 1 मार्च 2024 रोजी नगर जिल्ह्यातील अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली हरियाणाला 28-25 असे हरवून पहिले अजिंक्यपद मिळविले. पुणेकरांनी दहा वर्षे धीर धरला; त्या धीराच्या जोडीला संघाची मेहनतही होती.

म्हणून संघचालकांना आमचे सांगणे एवढेच, की आमच्या टाळ्या हव्या असतील तर आमची पोरेही पाहा. अलिबाग, पेण, रोहा, उरण येथील मैदानांवर तुमचे प्रशिक्षक दरवर्षी येऊ द्या. आणि शासनास व जिल्ह्यातील धुरीणांस आमचा आग्रह, की निदान प्रत्येक तालुक्यास छपराखालचे एक मॅटचे मैदान द्या. मग संघ खुशाल हरो. आपल्या आळीतल्या पोराची चढाई फसली, तर त्या रात्रीही घास गोड लागणार नाही. परंतु त्या दुःखात आपलेपणा असेल, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तोच पोर पुन्हा मैदानात उतरलेला दिसेल.