घरातील लोहचुंबक आणि आपली जयणा

लातूरच्या डाळ गिरण्यांत तूर भरडण्यापूर्वी ती लोहचुंबकावरून सोडली जाते. खळ्यावरून आणि मळणीयंत्रातून धान्यासोबत आलेले खिळे, तारेचे तुकडे तेथेच अडकतात. त्यामुळे यंत्राची हानी टळते, ठिणगीचे भय कमी होते आणि खाणाऱ्याच्या ताटात लोखंड जात नाही. पाणी गाळून घेणाऱ्या व धान्य निवडून शिजविणाऱ्या आपल्या घरांना हे साधन परके वाटू नये. गाळण्याचे वस्त्र, चाळणी आणि चुंबक या तिन्हींमागे एकच दृष्टी आहे. तिलाच आपण जयणा किंवा यत्नाचार म्हणतो.

मात्र गिरणीतील चुंबक जागेवर बांधलेले असते. घरातील मोकळे फिरते. 1980 च्या दशकात निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांपासून नवे प्रबळ चुंबक तयार झाले. आज ते मोबाइलच्या कव्हरात, पर्सच्या बटणात, कपाटाच्या दारात आणि मुलांच्या खेळण्यांत आहे. हरवलेली सुई शोधावी, दुकानात सांडलेल्या टाचण्या गोळा कराव्यात, इतके ते उपयोगी. सराफी करणाऱ्या कुटुंबांनी एवढे ध्यानी ठेवावे की, दागिना चुंबकाला चिकटला तर त्यात लोखंडासारखा धातू आहे, मग तो फासातील स्प्रिंगमध्ये का असेना. पण चिकटला नाही म्हणून तो शुद्ध ठरत नाही. तांबे आणि चांदीही चिकटत नाहीत.

आता धोक्याकडे वळू. वाटाण्याएवढे चुंबकमणी लहान मूल सहज गिळते. एकच मणी गेला तर तो बहुधा शौचावाटे बाहेर पडतो. परंतु दोन मणी, किंवा एक मणी आणि एखादा लोखंडी तुकडा, थोड्या अंतराने गेले तर आतड्याच्या दोन वेगळ्या वेटोळ्यांतून ते एकमेकांना ओढून धरतात. मधली भिंत चिमटली जाते, तिचा रक्तपुरवठा थांबतो आणि तिला छिद्र पडते. प्रारंभी केवळ पोटदुखी किंवा उलटी दिसते, म्हणून घरात ते अपचन समजले जाते. अशा वेळी रेचक, केळी वा अन्य घरगुती उपाय करू नयेत. उलटीही करवू नये. काही खाऊ-पिऊ न घालता मुलास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. ‘चुंबक गिळल्याचा संशय आहे’ हे तेथे पहिल्याच वाक्यात सांगावे, कारण चिकटलेले दोन मणी क्ष-किरण चित्रात एकच भासू शकतात.

घरातील ज्येष्ठांच्या छातीत पेसमेकर बसविलेला असेल, तर चुंबकाने त्याची चाल बदलते. चुंबक असलेला मोबाइल सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवू नये. किमान 15 सेंटिमीटर अंतर राखावे. मोठी चुंबके एकमेकांवर आदळून फुटतात व कपच्या डोळ्यांत उडतात, बोटेही चिमटतात.

एक धोका शरीराचा नाही, व्रताचा आहे. वीजमीटरजवळ चुंबक ठेवून आकडा कमी करण्याची युक्ती कोणी कानात सांगितली, तर ती तेथेच नाकारावी. आजचे इलेक्ट्रॉनिक मीटर अशा हस्तक्षेपाची नोंद ठेवतात, आणि 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 135 नुसार मीटरमधील फेरफार ही वीजचोरी असून तिला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पण कायद्याच्या आधी आपले अचौर्याणुव्रत आहे. कमी-अधिक मापे वापरणे हा तत्त्वार्थसूत्राने त्या व्रताचा अतिचार मानला आहे. दुकानातील तराजू चोख आणि भिंतीवरील मीटर खोटा, असा व्यवहार श्रावकाला शोभत नाही.

सायंकाळी दुकान वाढविताना आपण गल्ला मोजतो. खेळ आवरताना चुंबकाचे मणीही तसेच मोजावेत. पाच वर्षांखालील मूल घरात असेल, तर असे खेळणे आणूच नये. गल्ल्यात एक रुपया कमी भरला तर उद्या भरून काढता येतो. मणी कमी भरला तर त्याच रात्री शोध घ्यावा.

जय जिनेंद्र.